पाटलांनी न विचारलेला प्रश्न

दसरू पाटील कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा गडवा हातात घेण्याआधी विचारायचे, "तुमचे देव किती?" आमच्या लोकांत चार देवांची, पाच देवांची, सहा आणि सात देवांची अशी कुळं असतात. देव सारखे असले की ती माणसं एकमेकांची भाऊ-बहीण झाली, त्यांच्यात लग्न होत नाही. कोणत्या गावातलं कोणतं घर किती देवांचं, हे पाटलांना तोंडपाठ होतं. तेंदूपत्ता गोळा करतात त्या फडीवर एखादा अनोळखी माणूस भेटला तर त्याने फक्त गावाचं नाव सांगायचं. त्याचा आजा कोण, देव किती आणि त्याची आत्या कुठे दिली, हे पाटीलच त्याला सांगायचे.

गावपाटीलकी त्यांच्या घराण्यातच होती. ग्रामसभेचे अध्यक्षही तेच होते, कारण दुसऱ्या कोणाचं नाव त्या जागी कधी कोणाच्या मनात आलं नाही. आमच्या गावातली एकही सोयरीक त्यांच्याशिवाय जुळली नाही. माझीही नाही. माझं माहेर पोंभुर्ण्याकडचं. तिथून एटापल्लीच्या या टोकाला कोण पोरगी देईल म्हणून माझा बाप मागेपुढे पाहत होता. पाटील तीन बस बदलून आमच्या अंगणात आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "तुमचे चार, आमचे सहा. देवायले लांब वाटत नाई, तुमालेच वाटून राह्यलं." बाप हसला आणि माझं लग्न ठरलं.

ते शाळेत कधी गेले नव्हते. पण त्यांच्याइतके प्रश्न विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा जेसीबीवाल्याला त्यांनी अर्धा दिवस सोडलं नाही. हा दांडा ओढला की तो पंजा काऊन उचलते, तेल कुठून जाते, दोन्ही दांडे एकदम ओढले तर काय होते. शेवटी त्या माणसाने कंटाळून त्यांना शेजारी बसवून घेतलं. शाळेच्या खिडकीशी तर ते नेहमीच उभे असत. एकदा गुरुजी म्हणाले, "पाटील, नाव दाखल करू का तुमचं?"

"नोको," पाटील म्हणाले. "दाखल केलं तं तू मले विचारशील. मले तुले विचाराचं आहे."

कागद आला की ते तो तीन माणसांकडून वाचून घ्यायचे. आमचा सरपंच बी.ए. झालेला होता, त्याला याचा राग यायचा. "मी वाचला ना, पाटील. मंग पुन्हा कायले?" पाटील म्हणायचे, "एकच माणूस तीनदा वाचते तं तीनदा तेच चुकते, बापू." सरपंच स्वतः कागद एकदा वाचायचा आणि घडी घालून खिशात ठेवायचा. पाटलांच्या तीन माणसांत तिसरी मी असायची. मी चौथी शिकलेली. मोठ्या माणसासमोर तोंड उघडायची मला लाज वाटते, म्हणून मी दाराआडून वाचायची आणि ते ओट्यावर बसून ऐकायचे. मी अडले की म्हणायचे, "बाई, तो शब्द फिरून वाच. तिथं तुया आवाज पडला." मला जो शब्द समजला नसेल तिथे खरंच माझा आवाज पडलेला असायचा.

माझा पहिला मुलगा रोशन. तो वर्षाचा व्हायच्या आतच त्याच्या हातापायाची बोटं सुजायला लागली. ताप यायचा, हाडं दुखायची, तो रडायचा आणि हात लावू द्यायचा नाही. सासू म्हणाली, बाहेरचं काही आहे. पुजाऱ्याला दाखवलं, कोंबडं दिलं. सुई टोचून रक्त तपासणारे लोक गावात आले तेव्हा कळलं की हा सिकलसेल आहे. रोशनला लाल कार्ड मिळालं. मला आणि माझ्या नवऱ्याला पिवळं. पिवळं म्हणजे आजार रक्तात लपून बसलेला, स्वतःला काही होत नाही. लाल म्हणजे तो अंगावर आलेला.

पाटलांना हे पटेना. ते आमच्या अंगणात बसून नवऱ्याला म्हणाले, "तुये सहा, हिचे चार. रक्त येगळं आहे. मी सोता जोडलं. मंग एकाच रोगाचं रक्त दोघायत कसं?" त्यांना आजवर वाटत होतं की देव वेगळे म्हणजे रक्तही वेगळं. त्यांच्या बापाला आणि आजाला हेच वाटत होतं. पण ते तिथे थांबले नाहीत. तालुक्याला पाटील आणि सरपंच लोकांसाठी या आजाराचं एक दिवसाचं शिबिर होतं, तिथे ते गेले. सरपंचही जाणार होता, पण "मले माहीत आहे ते" म्हणून तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी गोटुलात, गाव जमतो त्या घरात, सगळ्यांना बोलावलं आणि जे ऐकलं ते सांगितलं. नवरा-बायको दोघंही पिवळे असले तर चारात एक लेकरू लाल निघते. आम्ही बाया मागे बसलो होतो. सभा उठल्यावर ते आम्हा नवरा-बायकोजवळ आले आणि नवऱ्याला म्हणाले, "तुमचा एक होऊन गेला. आता पुढचे तीन चांगले होतीन. भेऊ नका."

मी भ्यायचं ठरवलेलं होतं. दुसरं लेकरू नको, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं. पण पाटलांचा शब्द होता. मी गरोदर राहिले. सहावा महिना असताना पावसाळ्यात रोशनला ताप आला. नाल्याला पूर होता, पलीकडे जाता आलं नाही. तो पाच वर्षांचा होता. त्याला पुरून आले त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून होते, की पोटातलं चांगलं आहे. पुढचे तीन चांगले आहेत. भात कांडताना, पाणी आणताना मी हेच मोजायची, एक, दोन, तीन. सासू म्हणायची, "रडू नोको, आता देवानं तुया वाटा घेऊन टाकला."

चांदणी झाली. सात महिन्यांची असताना एका सकाळी तिला पाजायला घेतलं आणि पाहिलं, तिच्या डाव्या हाताची बोटं सुजली होती. तिचंही कार्ड लाल निघालं.

तेव्हा मी कोणाशी बोलले नाही. बोलायची सवय आधीही नव्हती, पण तेव्हा मनातही काही बोलत नव्हते. ही गोष्ट पाटलांना कोणीतरी सांगितली असणार, पण ते आले नाहीत. पंधरा दिवस त्यांनी आमच्या घरासमोरची वाट टाळली. मला वाटलं, मोठी माणसं अशीच असतात.

नंतर कळलं की ते दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या बाईकडे जाऊन बसत होते. ती सांगायची, यांना समजायचं नाही, दुसऱ्या दिवशी हे पुन्हा जायचे. सोळाव्या दिवशी ते आमच्या अंगणात आले. मी खाट टाकली, पण ते खाली जमिनीवर बसले. कनवटीतून त्यांनी दोन चिंचोके काढले, मधून फोडलेले. आमच्याकडे पोरं असे चिंचोके टाकून खेळतात. एक बाजू काळी, एक बाजू पांढरी.

"बाई, बाहेर ये," ते म्हणाले. "आज दाराआडून नोको."

मी चांदणीला कडेवर घेऊन आले.

"हा एक तुया नवऱ्याचा, हा एक तुया. दोन्ही काळे पडले तं लाल कार्ड. टाक."

मी टाकले. एक काळा, एक पांढरा. पुन्हा टाकले, दोन्ही पांढरे. मग दोन्ही काळे पडले. ते म्हणाले, "हा रोशन. आता पुन्हा टाक." मी टाकले. पुन्हा दोन्ही काळे पडले. पाटलांनी ते दोन्ही उचलले.

"पयल्या खेपेले काय पडलं ते चिंचोक्याले माहीत नसते," पाटील म्हणाले. "हर खेपेले तो नवाच पडते. चारात एक म्हणजे हर बारीले चारात एक. एक झाला म्हणून तीन सुटले, असं नाई. मी अर्धं शिकून आलो अन् पूरं सांगतलं."

सासऱ्यासारखे म्हणून मी त्यांना मामाजी म्हणायची, पण आयुष्यात कधी त्यांना काही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं. "मामाजी, तुमी तं जेसीबीवाल्याले विचारता, कंडक्टरले विचारता. शिबिरात काऊन नाई विचारलं?"

त्यांनी चिंचोके परत कनवटीला खोचले. मग म्हणाले, "माह्या तोंडात आला होता हाच प्रश्न. एक होऊन गेला तं बाकीचे नक्की चांगले का, असा. पण त्यायनं मले हार घातला होता, बाई. पाटील म्हणून समोर बसवलं होतं. माह्या मागं चार तालुक्यातले पाटील. मले वाटलं, विचारलं तं म्हणतीन, याले एवढंही समजत नाई. आयुष्यात तो एक दिवस मी चूप बसलो."

त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी काय करणार होते. चांदणीचा सुजलेला हात त्यांनी पाहिला, धरला नाही. त्यांना माहीत होतं की दुखतो.

पुढच्या ग्रामसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, मी चुकीचं सांगितलं होतं. सरपंचाने सभा संपल्यावर त्यांना बाजूला घेतलं. मी झाडत होते, मला ऐकू आलं. "पाटील, एकदा सांगतलं ते सांगतलं. आता बदलवसान तं लोक कोणतीच गोष्ट आयकनार नाई तुमची. पाटलाचा शब्द असा फिरते का?"

"शब्द ठेवून लेकरं जाऊ देऊ का?" पाटील म्हणाले.

पण सरपंच म्हणाला तसंच झालं. पाटलांचं 'पुढचे तीन चांगले' आमच्या गावापुरतं राहिलं नव्हतं. लग्नात, बाजारात, फडीवर, जिथे ते जायचे तिथे ते हे सांगून आले होते. आता ते प्रत्येक गावात जाऊन ते परत घ्यायला लागले. चांगली बातमी लोकांनी लगेच घेतली होती, ही कोणाला नको होती. आता ते "देव किती" च्या मागोमाग "कार्ड कोणतं" असंही विचारायचे. दोघंही पिवळे असतील तर सोयरीक जोडायला नाही म्हणायचे. एका म्हाताऱ्याने त्यांना घरातून उठवलं. "देवाच्या बाजूले कागद बसवता का, पाटील?" लोकांनी पोरींची कार्डं पेटीत तळाशी लपवली. एका बाजारात चार माणसं त्यांना पाहून हसली. एक जण म्हणाला, "मागच्या साली एक सांगतलं, औंदा एक सांगता. पुढच्या साली काय सांगसान, पाटील?"

"पुढच्या साली जे समजन ते सांगन," ते म्हणाले.

मला ते सोबत नेऊ लागले, कारण बाया त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. मी तरी कुठे बोलायची. मी फक्त चांदणीला घेऊन बसायची. बाया तिच्याकडे पाहायच्या, आजाराने पिवळे पडलेले तिचे डोळे पाहायच्या, आणि एखादी हळूच विचारायची, "ही दुसरी का?" मी हो म्हणायची. पाटील अंगणात तोवर माणसांच्या शिव्या खात असायचे. परत येताना ते पुढे चालायचे आणि मी मागे. एकदा चालता चालताच म्हणाले, "तुले बोलता येत नाई असं तू समजतं. बाई, तुया 'हो' माह्या भाषणापेक्षा मोठा आहे." मला ते आवडलं नाही. त्या 'हो'साठी मला काय द्यावं लागलं, ते त्यांना माहीत होतं.

शेवटचं गाव कोसभरावर होतं. तिथे मैनी नावाची बाई होती. तिचा पहिला मुलगा रोशनसारखाच गेला होता. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा ती सूप घेऊन बसली होती आणि तिला सातवा महिना होता. पाटील दारातच थांबले. त्यांना काही विचारावं लागलं नाही. मैनीचा नवरा राजू हसत बाहेर आला आणि म्हणाला, "या पाटील. तुमच्याच शब्दावर आहे हे."

पाटलांनी त्याला सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. राजू ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. त्याने पाटलांच्या अंगावर हात टाकला नाही, पण कुऱ्हाड उचलून लाकडं फोडायला लागला. कामाची नव्हती ती लाकडं. मैनीने सूप खाली ठेवलं.

"मंग आता मी काय करू?" ती म्हणाली.

पाटलांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकलं नव्हतं ते तेव्हा ऐकलं. "मले माहीत नाई." मग ते जायला वळले. "पण विचारून येतो."

ते तिथूनच गडचिरोलीला गेले. तीन दिवसांनी कागद घेऊन आले. कागद मी वाचला, मग गुरुजींनी वाचला, मग सरपंचालाही वाचायला लावला. पोटातलं लेकरू तपासता येतं, पण त्याची वेळ केव्हाच गेली होती. आपण वेळेवर विचारलं असतं तर मैनीला ते कळलं असतं. किती महिन्यांपर्यंत तपासता येतं, ती ओळ पाटलांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मात्र खाली आणखी एक गोष्ट लिहिली होती. बाळंतपण दवाखान्यात झालं आणि जन्मल्यावर लगेच टाचेचं रक्त तपासलं, तर लाल निघालेल्या लेकराला तान्हेपणापासून औषध देता येतं. हात सुजायची, ताप यायची वाट पाहावी लागत नाही. अशी लेकरं जगतात.

हे सांगायला पाटील मैनीच्या घरी गेले तर राजूने त्यांना अंगणात येऊ दिलं नाही. "एक बार तुमच्या शब्दावर चाललो. आता बाळंतपण घरीच होईन." पाटील कुंपणाबाहेर मोहाच्या झाडाखाली बसले. संध्याकाळी आमच्या गावी यायचे, सकाळी पुन्हा जाऊन बसायचे. त्यांचं वय झालेलं होतं. राजूची आई कुंपणावरून त्यांच्या पायाशी उष्टं पाणी फेकायची. मी रोज दुपारी भाकर घेऊन जायची. एक दिवस मी म्हणाले, "आता खरं सांगून राह्यले, तरी आयकत नाई." ते म्हणाले, "त्यायचं बरोबर आहे. माह्या तोंडातून खरं अन् खोटं सारखंच निघते. त्यायले कसं समजन?"

शेवटी मैनीच उठली. तिचे दिवस भरत आले होते. एका सकाळी ती गाठोडं घेऊन कुंपणाबाहेर आली आणि राजूला म्हणाली, "तुले यायचं तं ये." राजूने गाडी बोलावली, पण एक अट घातली. पाटील गाडीत बसणार नाहीत. मैनीसोबत मी जाणार होते.

पुढचं इथेच सांगून टाकते. मैनीला मुलगी झाली. तिच्या टाचेचं रक्त घेतलं तेव्हा मी समोर होते. कार्ड लाल निघालं. मैनी भिंतीकडे तोंड करून झोपली. डॉक्टरीणबाईंनी औषधाचं सांगितलं तेव्हा आमच्या खोलीत दहा-बारा माणसं होती. मी उभी राहिले आणि विचारलं, औषध किती दिवस, विसरलं तर काय, आणि माझ्या चांदणीला आता सुरू केलं तर चालेल का. त्यांनी सगळं सांगितलं, एकदा समजलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. मैनीची मुलगी औषधावर आहे. चांदणीही आहे. चांदणीचं काय होईल, मला माहीत नाही. ताप आला की मी अजून दाराशी उभी राहून नाल्याच्या पाण्याकडे पाहते. आम्ही तिकडे असतानाच इकडे पाटलांना ताप भरला आणि ते चार दिवसांत गेले. मुलीचं कार्ड कोणतं निघालं, ते त्यांना कळलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाडीत बसताना. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी रस्ता लाल झाला होता. मैनी आत आडवी झाली होती, राजू पुढे बसला होता, मी चांदणीला मांडीवर घेऊन खिडकीशी होते. पाटील रस्त्याच्या कडेला उभे होते. गाडी सुरू झाली तसे ते घाईघाईने आले आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"बाई, तिथं डॉक्टरीन सांगन तेव्हा मान हलवू नोको. समजलं नाई तं तिथंच विचारजो. सगळ्यायसमोर विचारजो. विचारशील ना?"

मी मान हलवली.

"मान हलवू नोको म्हणून तं सांगून राह्यलो," ते म्हणाले. "तोंडानं सांग."

राजू ड्रायव्हरला म्हणाला, "चाल ना भाऊ." गाडी हलली. पाटील हात न काढता चार पावलं सोबत चालले, मग हात सुटला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून म्हणाले, "विचारीन मामाजी." एवढ्या मोठ्याने मी त्याआधी कधी बोलले नव्हते. तेवढ्यात मागून ट्रक आला आणि त्याने भोंगा वाजवला. धूळ थोडी बसली तेव्हा ते मला दिसले. रस्त्याच्या मधोमध, कानामागे हात धरून, पुढे वाकून उभे होते.